पिंगलेला झोप कधी लागली?

आजचं वाचन : श्रीमद्भागवत, एकादश स्कंध, अध्याय ८, श्लोक २२ ते ४४



अवधूताच्या चोवीस गुरूंपैकी काल आपण माशापर्यंत आलो होतो. आज सतरावा गुरू, पिंगला. पृथ्वी, वारा, आकाश, समुद्र, पतंग, हत्ती अशा या यादीत माणसं मोजून पाच आहेत: मध गोळा करणारा, पिंगला, लहान मूल, कुमारिका आणि बाण करणारा कारागीर. त्यातही नाव फक्त हिचंच घेतलेलं आहे, बाकीचे चौघे बिननावाचे. हे मला आधी कधी लक्षात आलं नव्हतं, या वेळी वाचताना आलं.

माझं गाव पिंगळी, परभणीहून पूर्णेकडे जाताना रेल्वेमार्गावर लागणारं छोटं स्टेशन. गावाच्या नावाचा आणि या पिंगलेचा काही संबंध आहे असा माझा दावा नाही. पण पिंगळीसारख्या गावातल्या घरांत आणि तिथून पुण्या-मुंबईला गेलेल्या पोरांच्या भाड्याच्या खोल्यांत रात्री जे चालतं, ते समजून घ्यायला मला ही गोष्ट फार उपयोगी पडली. म्हणून आज जरा सावकाश वाचू.

गोष्ट थोडक्यात अशी. विदेह नगरीत पिंगला नावाची वेश्या राहत होती. संध्याकाळी ती नटूनथटून दारात उभी राहिली. रस्त्याने जाणारा प्रत्येक पुरुष तिला पैसेवालाच दिसे, हा नक्की थांबेल असं वाटे. तो निघून गेला की वाटे, जाऊ दे, याच्यापेक्षा मोठा कुणीतरी येईल, जास्त देईल. ती आत जाई, पुन्हा बाहेर येई, पुन्हा आत जाई. असं करता करता मध्यरात्र झाली. झोप गेली, तोंड सुकलं, मन पार खचलं. आणि तिथेच, त्या खचण्यातच, तिच्यात निर्वेद जागा झाला. ती स्वतःशीच बोलू लागली: माझा खरा जिवलग माझ्या अंतरातच इतका जवळ असताना मी त्याला सोडून कुणाकुणाची वाट बघत बसले! आता जे सहज मिळेल त्यावर समाधानाने जगेन. मग तिने आशेचा दोर कापला, अंथरुणावर जाऊन बसली, आणि शांत झोपली.

गोष्ट संपली. कुणी राजा आला नाही, धन मिळालं नाही, देवही प्रगट झाला नाही. फळ काय मिळालं? झोप.

थोडं विषयांतर करतो. काही ठिकाणी ही कथा सांगताना सगळा वेळ तिच्या धंद्यावर आणि एकूणच बायकांच्या वागण्यावर तोंडसुख घेतलं जातं, आणि समोरची मंडळी माना डोलावतात. मला ते अजिबात पटत नाही. अवधूत तिच्याबद्दल तुच्छतेने बोलत नाही, तो तिला गुरू म्हणतो. तिचा धंदा हा कथेचा विषय असता तर धंदा बदलल्यावर कथा संपली असती. कथेचा विषय आहे तिचं दारात उभं राहणं, आणि तिथे आपण सगळेच उभे आहोत.

आजचं दार कुठे असतं सांगू? हातात. गावाकडे वडील रात्री अकराला फोन उघडून सोयाबीनचे भाव बघतात. दुपारी बघितलेले असतात, संध्याकाळीही बघितलेले असतात, आणि रात्री बाजार समिती बंद असते हे त्यांनाही माहीत असतं. तरी बघतात. मग हवामानाचा अंदाज, मग भावाचा एखादा व्हॉट्सॲप ग्रुप, मग परत भाव. इकडे पुण्यात मुलगा मेल उघडतो. अप्रेझल झालंय, आकडा अजून कळलेला नाही. किंवा मुलाखत झालीय, एचआर म्हणाले होते कळवतो. तो फोन उपडा ठेवतो, दोन मिनिटांनी सरळ करतो. आत जाणं, बाहेर येणं. एका कंपनीचा नकार आला की, जाऊ दे, दुसरी याहून चांगली असेल. श्लोकांतली पिंगला अगदी हेच करते, फक्त तिच्याकडे स्क्रीन नव्हती.

आणि या दोन दारांमध्ये रोज रात्री एक फोन होतो.

"काय करायलास?"

"काही नाही, आत्ताच आलो."

"जेवलास का?"

"हो माय. तिकडं पाऊस कसाय?"

"हाय बरा."

संपलं. पोरगा जेवलेला नसतो आणि पाऊस बरा नसतो. दोघंही एकमेकांना जपायला म्हणून आपापलं खरं लपवतात आणि फोन ठेवून पुन्हा आपापल्या दारात जाऊन उभे राहतात.

आता यात एक मोठी अडचण आहे, ती टाळून पुढे जाणं बरोबर होणार नाही. भागवत या कथेच्या शेवटी सांगतं की आशा हे सर्वांत मोठं दुःख आणि नैराश्य हे सर्वांत मोठं सुख. वाचताना छान वाटतं. पण मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला हे तोंडावर म्हणून बघा. तो आशेवरच तर जगतो. ७ जूनच्या आसपास मृग नक्षत्र लागतं तेव्हा आभाळात ढग दिसत नसले तरी तो बियाण्याची पिशवी आणून ठेवतो. आशा सोड म्हणजे काय, पेरणी सोड?

इथे शब्दाकडे नीट बघायला हवं. आज मराठीत नैराश्य म्हणजे मन काळवंडून जाणं, काही करावंसं न वाटणं, डॉक्टर ज्याला डिप्रेशन म्हणतात ते. भागवतातल्या शब्दाचा अर्थ तो नाही. तिथे अर्थ आहे अपेक्षेच्या तगाद्यातून सुटणं. दोन्हींत फरक कसा ओळखायचा याची खूण कथेतच आहे: पिंगला नंतर झोपली. जे येईल त्यावर जगेन म्हणाली, म्हणजे जगायचं तिने ठरवलं. निर्वेद आपल्याबरोबर झोप घेऊन येतो. ज्याची झोप आठवडेच्या आठवडे उडालेली आहे, अन्न गोड लागत नाही, जगण्यात अर्थ नाही असं ज्याला वाटतं, त्याला वैराग्य आलेलं नाही, त्याला त्रास होतो आहे. त्याला श्लोक ऐकवू नका. त्याच्याजवळ बसा, डॉक्टरकडे घेऊन जा, आणि रात्री-अपरात्री कुणीच जवळ नसेल तर केंद्र सरकारच्या टेलिमानसचा १४४१६ हा नंबर आहे. हा नंबर अध्यात्माच्या पानावर लिहायला मला काहीच वावगं वाटत नाही.

तर मग कोणती आशा सोडायची? याचं उत्तर मला दुसऱ्या एका जागरणात सापडलं.

ते जागरण आहे संत एकनाथांचं. याच एकादश स्कंधावर ज्यांनी मराठीत टीका लिहिली, पैठणला सुरू करून १५७३ मध्ये काशीत पूर्ण केली, ते नाथ. तरुणपणी ते देवगिरीला गुरू जनार्दनस्वामींकडे होते. स्वामी किल्ल्यावर मोठ्या हुद्द्यावर होते आणि हिशेबाचं काम त्यांनी एकनाथांवर सोपवलं होतं. परंपरेत सांगतात, एकदा हिशेबात एका पैची चूक निघाली. सापडेना. रात्र झाली, एकनाथ दिवा लावून वह्या घेऊन बसले. पहाटेच्या सुमारास ती एक पै सापडली आणि त्यांनी आनंदाने टाळी वाजवली. त्या आवाजाने स्वामी आले. एका पैची चूक सापडली तर एवढा आनंद, मग संसाराची मोठी चूक सापडली तर किती होईल, अशा अर्थाचं ते बोलले, असं सांगतात.

ही गोष्ट आपण बहुतेक वेळा स्वामींच्या त्या वाक्यासाठी ऐकतो. मला आज त्यातली रात्र महत्त्वाची वाटते. पिंगलाही मध्यरात्रीपर्यंत जागी, एकनाथही पहाटेपर्यंत जागे. एकीचं तोंड सुकलं, मन खचलं. दुसऱ्याने टाळी वाजवली. असं का? एकनाथांसमोर जे होतं ते त्यांच्या हातात होतं. वही होती, आकडे होते, चूक कुठेतरी त्या कागदांतच होती, आणि ती शोधणं हेच त्यांचं काम होतं. पिंगला ज्याची वाट बघत होती तो माणूस रस्त्यावर होता, त्याच्या मनात काय आहे यावर तिचा काहीच ताबा नव्हता. रात्र दोघांनीही जागूनच काढली, पण एक जण वहीपाशी होता आणि दुसरी दाराशी.

आता हे गावाकडच्या उदाहरणावर लावून बघू. सप्टेंबर २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत परभणी, हिंगोली, नांदेड भागात अतिवृष्टी झाली. शेंगा भरत आलेलं सोयाबीन पाण्यात उभं राहिलं. पाऊस थांबवणं कुणाच्या हातात नव्हतं. पण पीकविमा भरलेला असेल तर नुकसानीची सूचना ७२ तासांच्या आत देणं हे हातात होतं. मोबाइलवर फोटो काढून, गट नंबर बरोबर टाकून, ॲप चालेना तर टोल फ्री नंबरवर पुन्हा पुन्हा फोन लावून. ही ती एक पै. कंटाळवाणी, डोळे फोडणारी, पण आपल्याच वहीतली. ज्या घरात शिकलेली पोरं पुण्याहून फोनवर वडिलांना हे एकेक पाऊल सांगत बसली, त्यांचं ते तासभराचं बोलणं मला कुठल्याही पारायणाइतकंच मोलाचं वाटतं. विम्याचे पैसे किती येणार, कधी येणार, हे मात्र दार. तिथे उभं राहून ते लवकर येत नाहीत.

भावाचंही तसंच. त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारातला भाव बहुतेक काळ त्याच्या खालीच घुटमळत राहिला. कुणी म्हणेल, मग भाव बघायचाच नाही का? बघायचा. सरकारी खरेदीची नोंदणी कधी सुरू होते ते बघायचं, माल वाळवून ओलावा कमी करायचा, घरखर्चापुरता किती विकायचा आणि किती ठेवायचा ते घरात बसून ठरवायचं. हे सगळं वहीचं काम. एकदा ठरलं की रात्री अकराला पुन्हा भाव बघणं हे दारात जाणं आहे, कारण त्या बघण्यातून उद्या सकाळी करण्यासारखं काहीच निघत नाही. मी स्वतःसाठी हीच कसोटी ठेवली आहे: हे बघितल्यावर मी काही वेगळं करणार आहे का? करणार असेन तर बघतो. नसेन तर ते फक्त आत-बाहेर.

ऑफिसलाही हे लागू पडतं, तुमचं तुम्हीच लावून घ्या. रिपोर्ट नीट लिहिणं, वेळेत देणं, आपली बाजू मॅनेजरला स्पष्ट सांगणं, नोकरी जाईल असं दिसत असेल तर सहा महिन्यांचा खर्च बाजूला काढणं, नवीन काही शिकणं: वही. मॅनेजर आज हसला नाही, त्याचा अर्थ काय असेल, यावर लोकलमध्ये कर्जतपर्यंत विचार करणं: दार.

इथपर्यंत सोपं आहे. घरातल्या माणसांपाशी आलं की अवघड होतं, कारण माणसं वहीत बसत नाहीत आणि त्यांच्याकडून अपेक्षा सोडायची म्हटलं की लगेच वाटतं, म्हणजे माया पातळ करायची का? काही साधक नेमकं तेच करतात. घरात वैराग्य दाखवतात, आईच्या फोनला 'हं, हं' करतात आणि त्याला अनासक्ती म्हणतात. ते बघून नाथांना काय वाटलं असतं कोण जाणे.

नाथ स्वतः संसारी होते. पत्नी गिरिजाबाई, मुलगा हरिपंडित, दोन मुली. आणि घरात मतभेद होता, तोही साधासुधा नाही. हरिपंडित संस्कृतचे विद्वान. वडील मराठीत प्रवचन करतात, कुणाच्याही घरी जेवतात, हे त्यांना मान्य नव्हतं. ते रुसून काशीला निघून गेले, असं परंपरेत सांगतात. बापाचं नाव गावात मोठं, आणि घरातल्याच मुलाला बापाचं काम चुकीचं वाटतं. आजच्या घरांत हे उलट्या दिशेने चालतं, मुलांची कामं बापांना कळत नाहीत, पण दुखणं तेच.

नाथांनी काय केलं? ते काशीला गेले आणि मुलाला परत आणलं. मुलाने अटी घातल्या: प्रवचन संस्कृतातच करायचं, परान्न घ्यायचं नाही. नाथांनी त्या मान्य केल्या. मग पैठणला ऐकणाऱ्यांची गर्दी ओसरली. पुढे हरिपंडितांचं मन कसं वळलं त्याच्या कथा आहेत, त्या सगळ्यांना माहीत आहेत, पण माझं मन त्या मधल्या काळापाशी थांबतं. ज्या कामासाठी आयुष्य वेचलं तेच मुलाखातर बाजूला ठेवलेलं, समोर मोजकी माणसं, आणि मुलगा बदलेल याची कुठलीही हमी नाही. नाथांनी मुलाकडून काही मिळावं ही अपेक्षा सोडली असेल, मुलगा सोडला नाही. उलट त्याच्यासाठी चालत काशी गाठली. पिंगलेचा दोर कापायचा तो हाच, मला काय मिळेल याचा. जिवाला जीव बांधणारा दोर त्यात कापला जात नाही.

म्हणून त्या रात्रीच्या फोनबद्दल मला एक सुचवावंसं वाटतं. आई-वडिलांना खरं सांगा. सगळं नाही, एखादंच. "माय, या महिन्यात कामाचं जरा अवघड चाललंय." एवढंच. त्यांना काळजी वाटेल, वाटू द्या. मग बहुधा तिकडूनही खरा पाऊस कळेल, सावकाराचं किंवा बँकेचं काय चाललंय ते कळेल, गुडघा किती दुखतो ते कळेल. दोन दारांत उभी असलेली दोन माणसं थोडा वेळ एकाच वहीपाशी बसतील. प्रश्न सुटेलच असं नाही.

याच अध्यायाच्या सुरुवातीला, पाचव्या-सहाव्या श्लोकांत, समुद्र गुरू येऊन गेला होता. पावसाळ्यात नद्या धावून आल्या तरी तो फुगत नाही आणि उन्हाळ्यात त्या आटल्या तरी सुकत नाही, तसा साधक मिळण्याने फुलू नये आणि गमावण्याने सुकू नये. परवा मी त्यावर फार लिहिलं नाही, कारण आम्हा परभणीकडच्या माणसांना समुद्र ऐकूनच माहीत. आमचा समुद्र म्हणजे पैठणचा नाथसागर, जायकवाडीचा जलाशय, १९७६ मध्ये लोकार्पण झालेला. त्याचा डावा कालवा परभणी जिल्ह्यापर्यंत येतो. आणि तो तर फुगतोही, सुकतोही. २०१६ च्या उन्हाळ्यात तो मृतसाठ्यावर गेला होता, सप्टेंबर २०२४ मध्ये त्याचे दरवाजे उघडून पाणी गोदावरीत सोडावं लागलं. आपलं मन या धरणासारखं आहे, समुद्रासारखं नाही, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पगारवाढ झाली की फुगणार, घरून वाईट बातमी आली की तळ दिसणार. धरणाला निदान एवढं कळतं की भरलेलं असताना आवर्तनं मोजून सोडायची, कारण पुढे मे महिना आहे.

पिंगलेचं एक वाक्य सांगायचं राहिलं, सदतिसाव्या श्लोकातलं. निर्वेद आल्यावर ती म्हणते, माझ्या हातून कधीतरी असं काही घडलं असावं ज्याने विष्णू प्रसन्न झाले, म्हणून तर ही निराशा मला इतकं सुख देऊन गेली. गिऱ्हाईक आलं नाही याचा ती कृपा म्हणून स्वीकार करते. हे दुसऱ्याच्या दुःखाबद्दल कधीही बोलू नये. ज्याचं पीक वाहून गेलं त्याला "देवाची कृपा" म्हणणारा माणूस भक्त नव्हे, उद्धट आहे. हे वाक्य फक्त ज्याचं त्याने, आपल्यापुरतं, तेही मध्यरात्र उलटून गेल्यावर म्हणायचं असतं. तिलाही ते संध्याकाळी सुचलं नव्हतं.

आजच्यापुरता एक छोटा नेम करून बघू या. झोपायच्या आधी कागदावर दोन रकाने पाडा, वही आणि दार. दिवसभर डोक्यात जे जे घोळलं ते एकेक करून कुठे जातं ते लिहा. वहीच्या रकान्यातलं एकच काम उद्या सकाळसाठी निवडा. दाराच्या रकान्याखाली हरीचं नाव लिहा आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवून या. एका खोलीत चौघं राहत असाल तर निदान उशीपासून लांब, चार्जिंगला.

उद्या नववा अध्याय सुरू होतो. त्यात पहिलाच गुरू कुरर पक्षी आहे, चोचीत मांसाचा तुकडा धरलेला आणि मागे बलवान पक्षी लागलेले. पहिले दोन श्लोक वाचून या.

राम कृष्ण हरी!